पहिले पाणी पाटाचे

पदवीच्या वर्गाला संतकाव्य शिकवताना मासोळीचा दृष्टान्त दरवर्षी येतो. पाण्यावेगळी झालेली मासोळी जशी तळमळते, तसा भक्ताचा जीव देवावाचून तळमळतो, हे मी गेली एकोणीस वर्षे सांगत आले आहे आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहीत आले आहेत. या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मासोळीला पाण्यात परत सोडले की तिची तळमळ संपते. गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या गच्चीवर मी पाण्यातच तळमळणारे मासे पाहिले. पाणी भरपूर होते, तळ दिसावा इतके नितळ होते, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत एकेक करून मरत होते. अशा मासोळीसाठी मला एकही दृष्टान्त आठवेना. त्या दीड-दोन महिन्यांत जे कळले ते, विषय वाङ्मयीन नसतानाही, येथे लिहावेसे वाटते. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

मासे अप्पांसाठी आणले होते. अप्पा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमचे गाव. आई गेल्यावर दोन वर्षे ते तेथे एकटेच राहिले. मग एकदा विहिरीच्या वाटेवर घसरून पडले, आणि दिवाळीनंतर मी त्यांना जळगावला घेऊन आले. जमीन निमबटाईने देऊन टाकली. येण्याविषयी त्यांचे मत मी विचारले होते, हे खरे; परंतु विचारण्यापूर्वीच खोलीला रंग देऊन झाला होता, हेही खरे. नवा पलंग, नवी गादी, नव्या चादरी, भिंतीला बसवलेला नवा पंखा. त्यांची सुंभाची बाज, गोधड्या आणि पितळी तांब्या गावीच राहिले. ‘शहरातल्या घरात ढेकूण नकोत’ असे काहीतरी मी त्या वेळी बोलले होते.

अप्पांनी कशाविषयीही तक्रार केली नाही. ते गॅलरीत बसत आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत. त्यांची अहिराणी माझ्या मुलाला समजते, पण उत्तर तो प्रमाण मराठीत देतो. त्यामुळे दोघांचे बोलणे दोन-तीन वाक्यांत आटपे. त्यांचे जेवण कमी होत गेले. जेवण कमी झाले म्हणून मी ताटात अधिक वाढू लागले, मधल्या वेळेला फळे कापून देऊ लागले, दूध, खजूर, शेंगदाण्याचे लाडू. ते बऱ्याचदा तसेच उरे. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला हाताला काम नाही म्हणून असे होत असावे, असे माझे निदान होते. त्यावर उपाय म्हणून मी अ‍ॅक्वापोनिक्सचा घाट घातला.

ही पद्धत थोडक्यात अशी. माशांच्या टाकीतील पाणी लहान पंपाने वर चढते, खडी भरलेल्या वाफ्यातून झिरपते आणि पुन्हा टाकीत येते. माशांच्या विष्ठेचे झाडांना खत होते, आणि झाडांनी ते घेतले की पाणी माशांना राहण्याजोगे होते. माती लागत नाही. पाणी उडून गेलेले आणि झाडांनी प्यालेले तेवढेच भरावे लागते. रोज नळ न येणाऱ्या आमच्या भागात हे मला फार पटले. कल्पना जुनीच आहे. चीनच्या झेजियांग प्रांतात भातखाचरांतून मासे पाळण्याची कित्येक शतकांची रीत आहे, आणि तेथील चिंगत्यानची शेती अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये जगाचा कृषिवारसा म्हणून निवडली. पंप आणि खडीचा आजचा प्रकार गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत आणि व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात आकाराला आला. घरगुती मांडणीवर त्याच संघटनेने २०१४ मध्ये एक जाडजूड पुस्तिकाही काढली. ती मी नंतर वाचली. आधी वाचली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

तीनशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी, उभे चिरलेल्या ड्रमचे दोन वाफे, पंप, नळ्या आणि वरून हिरवी जाळी. खडी काही दुकानातली, काही गावाबाहेरच्या नाल्यातून आणलेली. गुरुवारी पाणी भरले आणि शनिवारी चाळीस गोल्डफिश सोडले. ‘चाळीस चालतील ना?’ असे मी दुकानदाराला विचारले होते आणि तो ‘चालतील’ म्हणाला होता. विकणाऱ्याने दुसरे काय म्हणावे? खायचे नसलेले मासे पोसायचे कशासाठी, एवढाच अप्पांचा प्रश्न होता. तरी ते खुर्ची ओढून टाकीशी बसले, आणि मला बरे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी तीन मासे पांढरे पोट वर करून तरंगत होते. दुसऱ्या दिवशी दोन, मग पाच. घरात प्रत्येकाने आपापले कारण शोधले. मुलगा म्हणाला, ऑक्सिजन कमी पडतो आहे. यजमान म्हणाले, दुकानदाराने आजारी माल दिला. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढण्याचा सल्ला दिला. माझ्या मते कारण उघड होते : टाकीत घाण साठते आहे. मी पाणी पूर्ण बदलले. वाफ्यातील सगळी खडी बादल्यांतून काढून नळाखाली खळखळून धुतली, टाकी घासली आणि पुन्हा नळाचे पाणी भरले. राहिलेले मासे अशक्त दिसत होते म्हणून खाणे दोनाऐवजी तीन वेळा घातले. त्या संध्याकाळी चार मासे गेले. तेव्हा मी तिसऱ्याच दिवशी पुन्हा सगळे धुऊन काढले.

नऊ दिवसांत तेवीस मासे मेले. हा आकडा मला नक्की माहीत आहे, कारण अप्पा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने तो लिहीत होते. ‘आज कितला गयात?’ असे विचारत आणि लिहीत. त्यांनी मला बोल लावला नाही. एकदाच, मी दुसऱ्यांदा खडी धूत असताना, पायरीवर बसून म्हणाले, ‘बाई, पानी आजून कोरं शे.’ कोरे पाणी म्हणजे काय, हे विचारण्याइतकी फुरसत मला नव्हती. पेपर तपासायचे होते, आणि मासे मरत होते.

शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवे. हात धुताना ओंजळीत आलेला चिमुकला मासा मनूला म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. आधी मला घागरीत ठेव, तिच्यात मावेनासा झालो की खड्ड्यात, मग समुद्रात ने. प्रलय, नौका आणि पर्वताचे शिखर हे पुढचे सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र या वेळी सुरुवातीचीच वाक्ये महत्त्वाची वाटू लागली. आपल्याला कोणते पाणी केव्हा हवे, हे त्या माशाने स्वतः सांगितले, आणि मनूने ते ऐकले. माझे मासे बोलत नव्हते. बोलणारे एकच होते आणि त्यांना मी ‘हो, अप्पा’ म्हणून पुढे गेले होते.

अखेर आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे एक सहकारी घरी आले. त्यांनी आल्याबरोबर पाण्याकडे पाहिलेच नाही. आधी विचारले, मासे कोणत्या वेळी मरतात? मला हा प्रश्न विचित्र वाटला, पण त्यांच्या दृष्टीने निम्मे उत्तर त्यातच होते. पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे मेले, तर संशय नळाच्या पाण्यातील क्लोरीनवर घ्यावा. पहाटेच्या सुमारास बरेच मासे एकदम वर येऊन धापा टाकू लागले, तर प्राणवायूवर. आणि दिवसरात्र केव्हाही, दोन-चार, दोन-चार असे कित्येक दिवस मरत राहिले, तर पाण्यातच काहीतरी साठत चालले आहे असे समजावे. अप्पांनी कॅलेंडर काढून दिले. आकड्यांपुढे त्यांनी ‘सकाळ’, ‘दुपार’ असेही लिहिले होते, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते. सहकाऱ्यांनी मेलेल्या माशाचे कल्ले उघडून पाहिले. ते लालभडक, सुजलेले होते. मग त्यांनी काचेच्या नळीत थेंब टाकून पाणी तपासले. अमोनिया लिटरला चार मिलिग्रॅम, पीएच ८.४.

या दोन आकड्यांचा संबंध मला त्यांनी समजावून दिला. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक माशाला फारसे बाधत नाही, दुसरे जहाल. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका दुसऱ्या रूपाचा वाटा वाढतो. पीएच सात असता आमच्या त्या वेळच्या तापमानाला शंभरात जेमतेम एक भाग जहाल असतो, ८.४ असता तोच शंभरात पंधराच्या आसपास जातो. म्हणजे थंड प्रदेशातील सौम्य पाण्यात जे माशांनी सोसले असते, ते खान्देशातील उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या टाकीत विष झाले होते.

पण अमोनिया आला कोठून? तर माशांकडूनच. तो त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत पाण्यात येतो आणि उरलेले खाणे कुजूनही तयार होतो. नदीत किंवा जुन्या तळ्यात तो साठत नाही, कारण तेथे तो खाणारे असतात. जिवाणूंचा एक गट अमोनियापासून नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटपासून नायट्रेट, आणि नायट्रेट झाडे घेतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास झ्यूरिकमध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्याआधीच्या लोकांना ते सापडत नव्हते, कारण ते त्यांना प्रयोगशाळेतील नेहमीच्या सेंद्रिय खाद्यावर वाढवू पाहत होते, आणि हे जिवाणू तसल्या खाद्यावर जगतच नाहीत. दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे जिवाणूही असतात, हे तर २०१५ मध्ये कळले. त्यांची वाढ फार सावकाश असते. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. यांना अर्धा-एक दिवस लागतो, कधी त्याहूनही अधिक. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खडीला आणि टाकीच्या भिंतीला धरून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी दोन दिवस दिले होते. आणि जी काही थोडी वस्ती खडीवर धरू लागली होती, ती क्लोरीनच्या पाण्याखाली धरून, घासून, दोनदा माझ्या हातांनी धुऊन काढली होती.

घाणीने मासे मरत होते, हे माझे निदान तसे चुकीचे नव्हते. पण त्या घाणीची विल्हेवाट लावणारे जे होते, त्यांनाच मी घाण समजले होते.

सहकारी गेल्यावर हे सगळे मी अप्पांना अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या मराठीत सांगितले. जिवाणू हा शब्द त्यांना अडला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘पहिलं पानी पाटनं.’

याचा अर्थ कळण्यासाठी खान्देशाबाहेरच्या वाचकांना फड पद्धती थोडी सांगायला हवी. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा अशा नद्यांवर ठिकठिकाणी लहान बंधारे घालून पाट काढलेले आहेत. ही व्यवस्था काही शतकांची आहे आणि तिचा कारभार गावकऱ्यांनीच चालवला. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे वर्षावर्षाला बदले. कोणी आपल्या मनाने पाटाला दार पाडायचे नाही. पाणी फिरवण्याचे काम पाटकऱ्याचे. वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीला आले. अप्पांनी आमच्या गावात अकरा वर्षे पाटकऱ्याचे काम केले होते. कोणाची पाळी केव्हा लागली आणि केव्हा सुटली, याची नोंद ते तेव्हाही कॅलेंडरवरच ठेवत.

कोरड्या पडलेल्या पाटात हंगामाचे पहिले पाणी सोडले की ते शेतापर्यंत पोहोचत नाही. वाटेतल्या भेगा ते पितात, कडेची माती पिते, उंदरांची बिळे पितात. ते पाणी आमच्या गावात कोणाच्याही पाळीत धरत नसत. ज्याचे शेत आधी लागे, तो कितीही आरडाओरडा करो, त्या पहिल्या पाण्यावर हक्क पाटाचा. पाट भिजला, त्याने पाणी धरले, की मग पाळ्या सुरू. अप्पांना म्हणायचे होते ते एवढेच, की तू पाट भिजण्याआधी चाळीस जणांची पाळी लावून बसलीस.

मी खाली आले तेव्हा त्यांचे ताट ओट्यावर होते. दोन पोळ्या आणि अर्धी वाटी वरण उरलेले. हे रोजचेच होते. त्या दिवशी मात्र मी त्या ताटाकडे बराच वेळ पाहत राहिले. खायला जास्त घातले की जीव धरेल, जुने काढून सगळे नवे आणि स्वच्छ दिले की माणूस सुखी होईल, आणि तरी काही बिघडले तर आणखी स्वच्छ करावे, आणखी वाढावे : हे मी केवळ माशांच्या बाबतीत करत नव्हते. गच्चीवर जे चुकले ते कॅलेंडरवर लिहून ठेवणारे कोणीतरी होते. खाली कोणी लिहीत नव्हते, इतकाच फरक.

येथून पुढे केलेले उपाय साधे आहेत. कोणाला उपयोगी पडतील म्हणून ते सांगते. खाणे दोन दिवस पूर्ण बंद केले. माशाला त्याने काही होत नाही. मग दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. पाणी पूर्ण बदलणे बंद. रोज चौथा हिस्सा काढून तेवढेच भरायचे, आणि तेही पिंपात उघड्यावर निदान एक दिवस ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून जातो. (ज्या गावात पाण्यात क्लोरामाइन घालतात तेथे नुसते ठेवून भागत नाही.) खडीला हात लावायचा नाही. सहकाऱ्यांनी त्यांच्या विभागातील आठ वर्षे चालू असलेल्या टाकीतला एक मळकट स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून आणून दिला. तो वाफ्यात पाण्याच्या वाटेवर ठेवला. मुलाने नाक मुरडले. अप्पांना काही समजावून सांगावे लागले नाही. म्हणाले, ‘विरजण.’

तरीही पीएच उतरेना. हे कोडे अप्पांनीच सोडवले. नाल्यातून आणलेल्या खडीत पांढरट, खडबडीत गोटे होते. त्यांनी चार गोटे उचलून त्यांवर लिंबू पिळले, आणि ते फसफसले. चुनखडी होती. काळ्या मातीच्या मुलखात हे खडे जागोजाग सापडतात, आणि ते हळूहळू विरघळत पाणी अल्कधर्मी ठेवतात. हा एकच वेळ खडीला हात लावायचा होता. अप्पांनी दोन दिवस बसून एकेक गोटा वेचून काढला. बाकीची खडी टाकीच्याच पाण्यात ओली ठेवली, आणि गेलेल्या गोट्यांच्या जागी काळ्या दगडाची खडी घातली. पीएच आठवडाभरात ७.६वर आला. इतके मन लावून त्यांनी काही केलेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. मी मदतीला बसले नाही, एवढे शहाणपण तोवर आले होते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चौथ्या आठवड्यात अमोनिया जवळजवळ शून्यावर आला, आणि मासे पुन्हा मरू लागले. या खेपेला कल्ले लाल नव्हते, तपकिरी होते. पहिल्या गटाचे जिवाणू स्थिरावले होते, दुसऱ्या गटाचे अजून नाही. त्यामुळे मधला नायट्राइट साठला होता. तो माशाच्या रक्तात शिरला की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि तपकिरी पडते. पाण्यात प्राणवायू असून मासा गुदमरतो. यावर उतारा मिठाचा. मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. आयोडीन नसलेले साधे खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने तीनशे ग्रॅम, थोडे थोडे करून विरघळवून घातले. सहा मासे गेले, अकरा वाचले. पहिल्या वेळी मी अशा वेळी टाकी घासायला घेतली असती. या वेळी थांबून राहिले. थांबून राहणे हे टाकी घासण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते.

चैत्रात मी एकटीच गावी जाऊन आले. येताना टेम्पोत बाज होती, दोन गोधड्या होत्या, पितळी तांब्या होता. ढेकणांविषयी कोणी काही बोलले नाही. अप्पांनी बाज गॅलरीत नेली, तिचे सैल झालेले सुंभ ओढून घट्ट केले, आणि त्या रात्री तेथेच झोपले. नवा पलंग आता मुलाकडे आहे. ताटात वाढण्याआधी आता मी विचारते, आणि ‘नको’ म्हणाले तर वाढत नाही. त्यांचे जेवण वाढले, असे लिहिता आले असते तर हा लेख अधिक गोड झाला असता. फार वाढले नाही. पण उरत नाही.

वैशाखात एका रात्री वीज गेली. दिवसा पारा चव्वेचाळीसवर गेलेला, आणि रात्रीही टाकीतले पाणी बत्तीस अंशांखाली नव्हते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो; वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर पस्तीसला सातच्या. त्यात पंप बंद. बॅटरीवरचा हवेचा पंप घ्यायचा मी ठरवले होते, घेतला नव्हता. रात्री अडीचच्या सुमारास उठले तर गॅलरीतली बाज रिकामी. गच्चीवर गेले. अप्पा टाकीशी उभे होते. पितळी तांब्याने पाणी काढत होते आणि हात डोक्याइतका उंच करून धार सोडत होते. पाणी पडले की फेस येतो, हवा मिसळते. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. सदरा भिजला होता. वीज जाऊन दीड तास झाला होता, म्हणजे ते दीड तास तेथे उभे असणार.

‘मला का नाही उठवलं, अप्पा?’ मी म्हणाले.

‘आते तुनी पाळी,’ ते म्हणाले, आणि तांब्या माझ्या हातात देऊन पायरीवर बसले. अर्ध्या तासाने त्यांनी तो परत मागून घेतला. असे आम्ही पहाटे वीज येईपर्यंत आळीपाळीने केले. मधल्या वेळात ते बोलत होते. पाटाच्या रात्रींविषयी, कंदील घेऊन बांधावरून फिरण्याविषयी, एका वर्षी पाणी चोरणाऱ्याला धरले आणि तो आपलाच मामेभाऊ निघाला त्याविषयी, आईविषयी. आईविषयी ते जळगावला आल्यापासून प्रथमच बोलत होते. मी काही विचारले नाही. पाणी ओतत राहिले. सकाळी मासे मोजले, तेव्हा अकरा होते.

या सगळ्याला आता वर्ष उलटून गेले आहे. वाफ्यात पालक आणि पुदिना बरा येतो. टोमॅटोची पाने पिवळी पडतात, कारण असल्या पाण्यात झाडांना लोह नीट मिळत नाही. एकोणतीस मासे मेले. त्यांतले बहुतेक वाचू शकले असते. टाकी भरून, त्यात माशांच्या खाण्याची चिमूट कुजत घालून, एकही मासा न सोडता महिनाभर थांबणे एवढेच करायचे होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. हा हिशेब माझ्या नावावर आहे. विरजणाशिवाय दही लागत नाही, हे ज्या घरात रोज अनुभवाला येते, त्या घरातील बाईला ते कळायला इतके मासे लागले.

परवा शेजारच्या काकूंनीही गच्चीवर टाकी बसवली. अप्पा त्यांच्याकडे गेले. ओल्या फडक्यात आमच्या वाफ्यातली दोन मुठी खडी बांधून नेली, त्यांच्या वाफ्यात पसरली, आणि महिनाभर मासे आणायचे नाहीत, असे बजावून सांगितले.

‘मग महिनाभर करायचं काय?’ काकूंनी विचारले.

‘काही नई,’ अप्पा म्हणाले. ‘पानी देखानं.’